एक मोळ मल्लिगे

आमचे घरमालक फुलाकडे पाहायचे ते आधी देठाकडे. फूल त्यांना सगळ्यात शेवटी दिसायचं. पहिल्यांदा मी त्यांच्या दारात उभी राहिले तेव्हा माझ्या एका खांद्यावर लॅपटॉपची बॅग होती आणि हातात गुलाबांचा गुच्छ. पुण्याच्या ऑफिसातल्या मैत्रिणींनी निरोप देताना तो दिला होता आणि विमानात मांडीवर धरून मी तो बंगळूरपर्यंत आणला होता. खोली बघायला आलेय, असं मी म्हणायच्या आत त्यांनी गुच्छ माझ्या हातातून काढून घेतला. वरचा चकचकीत कागद टराटरा फाडला, एक देठ दोन बोटांत धरून उजेडात तिरका केला आणि म्हणाले, "पन्नास सेंटिमीटर. तोडून पाच दिवस झाले. त्यातला एक पुरा दिवस पाण्याबाहेर. कोणी दिला?"

"मैत्रिणींनी."

"मग ठीक. प्रियकरानं दिला असता तर परत कर म्हटलं असतं."

मग ते आत गेले, पाण्याची बादली घेऊन आले आणि ओसरीवर मांडी घालून एकेक देठ पाण्यात बुडवून खालून तिरका कापत बसले. मी उभीच. लग्न झालंय का, मटण शिजवणार का, घरी किती वाजता येणार, हे बंगळुरातल्या घरमालकांचे ठरलेले प्रश्न त्यांनी विचारलेच नाहीत. सगळे देठ कापून झाल्यावर मान वर करून म्हणाले, "जगतील आणखी चार दिवस. खोली वर आहे. कुलूप स्वल्प जोरात फिरव."

सर्जापूर रोडच्या एका आतल्या गल्लीत त्यांचं दुमजली घर होतं. ते बांधलं तेव्हा आजूबाजूला नाचणीची शेतं होती म्हणे. आता चारही बाजूंनी उंच इमारती आणि मध्ये हे, दोन मोठ्या माणसांच्या मध्ये चिमटून बसलेल्या पोरासारखं. त्यांचं घराणं काहीशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडे आलेलं आणि इथंच राहिलेलं. त्यामुळे त्यांच्या मराठीत जुने पोथीतले वाटावेत असे शब्द आणि रस्त्यावरची कन्नड एकाच वाक्यात शेजारी शेजारी बसायची. "काय गे, जेवण आयता?" म्हणजे जेवण झालं का, हे त्यांचं रोजचं विचारणं. अख्खी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची. कन्नडात अण्णा म्हणजे थोरला भाऊ. भाजीवाला, रिक्षावाले, समोरच्या इमारतीतले दिल्लीकर, सगळ्यांचे ते अण्णा. मीही दुसऱ्या दिवसापासून अण्णाच म्हणू लागले.

त्यांनी तीस वर्षं देवनहळ्ळीजवळच्या एका गुलाबाच्या मळ्यात काम केलं होतं. मळा म्हणजे प्लास्टिकच्या छपराखालचे लांबच लांब वाफे. तिथली फुलं विमानानं परदेशात जायची. अण्णा पॅकिंग शेडमध्ये प्रतवारीच्या टेबलावर. चाळीसचा देठ इकडे, पन्नासचा तिकडे, साठचा वेगळा, वाकडी मान असलेला खाली टोपलीत. पुढे ते त्या शेडचे मुख्य झाले, पण टेबल सोडलं नाही. जानेवारी संपत आला की दिवसाला हजारो गुलाब त्यांच्या हातांखालून जायचे, फेब्रुवारीतल्या त्या एका दिवसासाठी. जगातल्या कुठल्या तरी शहरात कोणीतरी गुडघ्यावर बसून जे फूल पुढे करणार, त्याचा देठ सरळ आहे की नाही हे देवनहळ्ळीत अण्णांनी आधीच पाहिलेलं असायचं. मळा मग विकला गेला, तिथं आता प्लॉट पडलेत आणि कमानीवर कुठल्याशा फुलाचंच नाव आहे. अण्णा ते सांगताना हसायचे नाहीत.

घरात मात्र एकही फुलझाड नव्हतं. गच्चीवर कढीपत्ता, पालक, पुदिना, एक लिंबाचं झाड. मी विचारलं तर म्हणाले, "तीस वर्षं फुलं तोडली. आता पानं खातो."

पण दुसऱ्याच्या फुलांवरची नजर काही सुटली नव्हती. लग्नाला गेले तर नवरानवरीला भेटायच्या आधी स्टेजची सजावट हातानं चाचपून यायचे. सिग्नलला कोणी गुलाब विकत असेल तर रिक्षातून मान बाहेर काढून ओरडायचे, "अरे, कळीची जाळी काढ रे, गुदमरते ती!" एकदा आमच्याच गल्लीत एका तरुणानं गाडीच्या बॉनेटवर पाकळ्यांचं बदाम काढलं होतं. अण्णा पंधरा मिनिटं ते न्याहाळत उभे राहिले. मला वाटलं आता कौतुक करतील. त्या पोराला म्हणाले, "चाळीस फुलं मारलीस. तिला एक दिलं असतंस तर घरी नेलं असतं तिनं. हे ती नेणार कसं?"

फुलांच्या अर्थांवर त्यांचा राग होता. परदेशी खरेदीदारांनी त्यांच्या शेडमध्ये एक रंगीत तक्ता पाठवला होता. लाल म्हणजे प्रेम, पिवळा म्हणजे मैत्री, पांढरा म्हणजे पावित्र्य, गुलाबी म्हणजे आभार. "आमच्या बायका तो तक्ता बघून हसायच्या," अण्णा सांगायचे. "पिवळी शेवंती आम्ही देवाला वाहतो, लग्नात लावतो, गाडीला घालतो, मढ्यालाही घालतो. रंग काय सांगणार? बघायचं एवढंच. कोण देतंय, कोणाला देतंय आणि घेणाऱ्याला नको म्हणता येतंय का."

हे शेवटचं ते स्वतःच्या बायकोकडून शिकले होते, पण फार उशिरा. एका रविवारी गच्चीवर कढीपत्त्याची पानं तोडता तोडता त्यांनी ते सांगितलं, माझ्याकडे न बघता.

त्यांच्या बायकोला केसांत फूल लागायचंच. इथल्या बायकांना लागतंच. रोज संध्याकाळी ती देवनहळ्ळीच्या बसस्टँडवर स्वतः जाऊन मल्लिगे आणायची, म्हणजे आपला मोगरा. एकदा ती सहज म्हणाली, "सगळ्या जगाला फुलं धाडता, घरात एक येत नाही." अण्णांनी तळवे पुढे केले. काट्यांनी फाटलेले, औषधानं पिवळे पडलेले. म्हणाले, "हे हात बघ. घरी तरी फुलाचं नाव काढू नको." तिनं पुन्हा कधी काढलं नाही.

"नोकरी सुटली, आम्ही या घरात आलो, दुसऱ्याच वर्षी ती गेली," अण्णा म्हणाले. "सवाष्ण गेली ना, तर केसांत फुलं घालायची असतात. बायका म्हणाल्या, अण्णा, तुम्हीच आणा. मी कोपऱ्यावरच्या फुलवालीपुढे उभा राहिलो. ती विचारते, किती मोळ? मोळ म्हणजे इथून इथपर्यंत." त्यांनी कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हात दाखवला. "मला काय माहीत? गुलाबाचा देठ मी डोळे मिटून मोजला असता. बायकोच्या केसांना किती फूल लागतं ते मला माहीत नव्हतं गे. फुलवालीलाच विचारलं. ती म्हणाली, अम्मा रोज एक मोळ न्यायच्या. मी पहिल्यांदा फूल दिलं तेव्हा तिला नको म्हणायचीही सोय नव्हती."

कढीपत्त्याची पानं त्यांनी माझ्या ओंजळीत टाकली आणि खाली गेले. त्या दिवशी मी आमटीला फोडणी घातली आणि ती तशीच ठेवून दिली. जेवावंसं वाटेना.

टीचर आमच्याकडे येऊ लागल्या त्या माझ्यामुळेच. रिक्षावाल्याशी, भाजीवाल्याशी, पाण्याच्या टँकरवाल्याशी मला बोलता येईना, म्हणून मी कन्नड शिकवणारं कोणी शोधत होते. पलीकडच्या इमारतीत मुलगा-सुनेकडे राहणाऱ्या एक बाई मिळाल्या. निपाणीकडच्या. मराठी, कन्नड दोन्ही सारखंच, आयुष्यभर शाळेत शिकवलेलं, म्हणून सगळे त्यांना टीचरच म्हणत. अण्णा म्हणाले, माझ्या खालच्या खोलीत घ्या वर्ग. मग आणखी पाच-सहा जण जमले, सगळे माझ्यासारखे बाहेरून आलेले, आणि दर शनिवारी सकाळी दहाला तिथं कन्नड सुरू झालं. अण्णांना शिकायची काही गरज नव्हती. ते मागच्या खुर्चीवर पालक निवडत बसायचे आणि मध्येच आमचे उच्चार दुरुस्त करायचे. मग टीचर चष्म्यावरून बघायच्या. "वर्ग मी घेते आहे ना?"

टीचर साठीच्या पुढे होत्या. घट्ट अंबाडा, कपाळाला बारीकशी टिकली, कडक इस्त्रीची सुती साडी. केसांत फूल नसायचं. नवऱ्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती. बाकी त्या कशालाच बधत नसत. बसमध्ये कंडक्टरशी भांडायच्या, मुलाला न विचारता एकट्या निपाणीला जाऊन यायच्या. पण फूल नव्हतं. ते त्यांना कोणी सोडायला सांगितलं असेल असंही नाही. ते तसंच असतं.

आणि एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. टीचर अण्णांना अण्णा म्हणत नसत. "अहो घरमालक, पंखा जरा वाढवा" असं म्हणत, किंवा नुसतं "अहो". मी हे अण्णांना सांगितलं तर ते चटकन म्हणाले, "पहिल्या दिवसापासून." म्हणजे त्यांनी ते माझ्याआधीच टिपून ठेवलं होतं.

एका शनिवारी वर्ग संपला. बाकीचे गेले. मी वह्या आवरत होते. अण्णा आतून आले. हातात केळीच्या पानाची पुडी. दोन्ही हातांनी ती टेबलावर ठेवली.

"काय आहे?" टीचरनी विचारलं.

"मल्लिगे. एक मोळ."

टीचरनी हातातला खडू खाली ठेवला. "मी घालत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"ठाऊक आहे. घालायला नाही आणलं. द्यायला आणलंय."

"आणि मी नाही घेतलं तर?"

"तर इथंच राहील. पुढच्या शनिवारी ताजं आणीन. नको आणू म्हटलंत तर नाही आणणार."

टीचरनी पर्स उचलली. दारापर्यंत गेल्या, वळल्या. मला वाटलं, आता नको म्हणतील. त्या म्हणाल्या, "पाणी शिंपडून ठेवा. उन्हानं काळं पडेल." आणि गेल्या.

नको म्हटलं नव्हतं. अण्णांनी तेवढंच धरलं. त्यानंतर प्रत्येक शनिवारी टेबलावर पुडी असे. टीचर ती उघडत, पाण्याच्या स्टीलच्या पेल्यात गजरा ठेवत, आम्हाला भूतकाळ शिकवत आणि जाताना तिथंच सोडून जात. वास दोन दिवस खोलीत असायचा. चैत्र गेला, श्रावण गेला, मार्गशीर्षात मल्लिगे मिळेनाशी झाली तेव्हासुद्धा अण्णा सकाळी बस बदलत मार्केटपर्यंत जायचे, पण मोकळ्या हातानं आले नाहीत. मी एकदा चिडून म्हटलं, "अण्णा, किती दिवस असं करणार?"

"टेबलावर ठेवायचं माझ्या हातात," अण्णा म्हणाले. "उचलायचं त्यांच्या हातात. मी माझं काम सोडणार नाही."

याच दिवसांत माझंही एक प्रकरण झालं. बेळ्ळंदूरच्या आमच्या ऑफिसात शेजारच्या टीममध्ये एक जण होता. आम्ही रोज एकत्र चहा प्यायचो, ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या कॅबमध्ये तासन्‌तास गप्पा मारायचो, पण पुढे कोणीच सरकत नव्हतं. मी ठरवलं, आपणच फूल द्यायचं. त्याच्या वाढदिवशी, कँटीनमध्ये, केक कापताना. अण्णांना सांगितलं, कारण फूल त्यांच्याशिवाय कोण निवडणार?

त्यांना आधी आनंदच झाला. "पुरुषाला फूल कोण देतं? सत्कारात हार घालतात, नाहीतर एकदम शेवटी. दे तू, नक्की दे." मग कपाळाला आठ्या पडल्या. "पण कँटीनमध्ये? सगळ्यांसमोर? टाळ्या वाजणार, फोटो निघणार. त्याला नको असेल तर तो म्हणणार कसा?"

"मग कुठे देऊ?"

"जिथून त्याला सहज निघून जाता येईल तिथं."

मी जिन्यात दिलं. एकच गुलाब. कागद नाही, रिबीन नाही. त्यानं आधी वर पाहिलं, मग खाली पाहिलं, कोणी येत नाही ना म्हणून. "अगं, हे काय!" असं हसला आणि गुलाब लॅपटॉपच्या बॅगेत कोंबला. संध्याकाळी कॅबमध्ये त्यानं चार्जर काढला तेव्हा फूल चार्जरला गुंडाळून बाहेर आलं, चेंगरलेलं. त्याला ते ठेवल्याचं आठवतही नव्हतं. मी खिडकीबाहेर बघत बसले. त्या दिवशी तलावाच्या बाजूचा रस्ता कधी नव्हे एवढा तुंबला होता.

घरी येऊन सांगितल्यावर अण्णांनी मला लिंबाचं सरबत करून दिलं. सांत्वन वगैरे काही केलं नाही. "कळलं ना? मग फुलानं काम केलं. कळलं नसतं तर आणखी दोन वर्षं चहा पीत बसली असतीस." मला त्या वेळी त्यांचा फार राग आला. दुसऱ्या आठवड्यात मी चहाची वेळ बदलली.

तर टीचर. सात-आठ महिने गेले असतील. एका शनिवारी वर्ग संपला, टीचर उठल्या, पेल्यातला गजरा उचलून त्याचं पाणी झटकलं, केळीच्या पानात परत गुंडाळला आणि पर्समध्ये ठेवून निघून गेल्या. अण्णा पालक हातात धरून तसेच बसले होते. मी म्हटलं, "अण्णा!" ते म्हणाले, "गप गे." आणि उठून रिकाम्या पेल्याकडे बघत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी टीचरांचा मुलगा आला. तिशीतला, अंगात ऑफिसचा टी-शर्ट, चेहरा रात्रभर झोप न झाल्यासारखा. मी ओसरीवर दात घासत होते. मला बघून तो घुटमळला, पण अण्णांनी मला जा म्हटलं नाही आणि मीही हलले नाही.

"अंकल, प्लीज, एक रिक्वेस्ट आहे. आईला फुलं देऊ नका."

"का?"

"काल तिनं ती घरी आणली. उशाशी ठेवून झोपली. मिसेसनं पाहिलं, कामवालीनं पाहिलं. बिल्डिंगमध्ये लोक बोलतात, अंकल. पुढच्या महिन्यात घरात फंक्शन आहे, मिसेसचं डोहाळेजेवण. सगळे नातेवाईक येणार गावाकडचे. मी काय सांगू त्यांना?"

अण्णांनी त्याला खुर्ची दिली. तो बसला नाही.

"बाबा, तुझ्या आईनं मला नको म्हटलं तर उद्यापासून बंद. त्याच दिवसापासून बंद. कारणही विचारणार नाही."

"मी सांगतोय ना!"

"तू सांगून नाही रे. फूल तुला दिलेलं नाही."

मुलाचा चेहरा लाल झाला. "तुमच्या घरी असं कोणी केलं असतं तर?"

अण्णांनी रिकामी खुर्ची परत भिंतीला लावली. मग हळू म्हणाले, "माझ्या घरी मी काहीच केलं नाही. तेच चुकलं." मुलाला ते कळलं नसावं. तो तरातरा निघून गेला.

तो आठवडाभर मी अण्णांना पाहत होते. ते डगमगले असते तर मला समजलं असतं. त्यांनी शुक्रवारी फुलवालीला जाऊन नेहमीचं सांगून ठेवलं. शनिवारी पुडी टेबलावर होती. टीचर येतील की नाही याची मलाच धाकधूक. दहाला पाच मिनिटं कमी असताना त्या आल्या. आम्ही सगळे बसलो होतो. त्यांनी फळ्याकडे न जाता थेट मागच्या खुर्चीकडे मोर्चा वळवला.

"माझा मुलगा आला होता?"

"होय."

"काय म्हणाला?"

"फूल देऊ नका."

"तुम्ही काय म्हणालात?"

"तुम्ही सांगितलं तर बंद."

"मी सांगितलं?"

"अजून नाही."

"बरं," टीचर म्हणाल्या आणि आमच्याकडे वळल्या. "वह्या काढा. आज भविष्यकाळ." आमच्यातला एक ओडिया मुलगा, ज्याला यातलं मराठी अक्षर कळलं नव्हतं, तोसुद्धा हसायला लागला.

लोक मला विचारतात, मग त्या दोघांनी लग्न केलं का? केलं नाही. मी ते शहर सोडून आता चार वर्षं झाली. ते आपल्या घरी राहतात, त्या आपल्या मुलाकडे. शनिवारचा वर्ग चालू आहे, संध्याकाळी दोघं मिळून फिरायला जातात, दवाखान्यात एकमेकांबरोबर जातात. यापलीकडे मी त्यांना कधी विचारलं नाही. मला सांगायचंय ते त्या डोहाळेजेवणाचं.

टीचरनी मला आमंत्रण दिलं होतं. अण्णांना नव्हतं. कार्यक्रम त्यांच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये, रविवारी सकाळी. अण्णा त्या दिवशी गच्चीवर पुदिन्याचे वाफे खणत होते. मी साडी नेसून निघाले तेव्हा त्यांनी वरूनच विचारलं, "जेवण आहे का तिथंच?" मी हो म्हटलं. "सरी, सरी," म्हणजे बरं, बरं, म्हणाले आणि पुन्हा खणू लागले. आदल्या दिवशी शनिवार होता आणि त्या दिवशीचा गजरा टीचर घेऊन गेल्या होत्या. न उमललेल्या कळ्यांचा. त्यांनी मुद्दाम तसा मागून घेतला होता, एवढं मला माहीत होतं.

हॉल गावाकडच्या बायकांनी भरला होता. सून हिरव्या साडीत झोपाळ्यावर बसली होती, डोक्यापासून वेणीच्या टोकापर्यंत फुलं. एकेक सवाष्ण पुढे होऊन तिची ओटी भरत होती. टीचर दिसेनात. मुलगा दारात पाहुण्यांना अत्तर लावत होता. टीचरांच्या मोठ्या जाऊबाई मध्यभागी खुर्चीवर बसून सगळं कोणत्या क्रमानं व्हायचं ते सांगत होत्या.

लिफ्टचं दार उघडलं आणि टीचर आल्या. मोरपिशी रेशमी साडी. आणि अंबाड्याभोवती मल्लिगे. एक मोळ, पुरती गोल फिरलेली, सकाळी उमललेली. वास आधी आला, मग बायकांच्या माना वळल्या. गाणं म्हणणाऱ्या दोघी मध्येच थांबल्या.

जाऊबाई म्हणाल्या, "अगं बाई, हे काय?" आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"मल्लिगे आहे, वहिनी," टीचर म्हणाल्या.

"ते दिसतंय. पण आज? शुभकार्यात?"

"शुभ आहे म्हणूनच."

मुलगा पुढे आला होता. अत्तराची कुपी त्याच्या हातात तशीच. "आई," एवढंच तो म्हणाला. टीचरनी त्याच्याकडे पाहिलं. त्या चिडल्या नव्हत्या. शाळेत फळ्याजवळ उभ्या राहून उत्तर येण्याची वाट बघत असतील तशा त्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

बोलली ती सून. सातव्या महिन्याचं पोट सांभाळत ती झोपाळ्यावरून उतरू लागली. दोघी-तिघी धावल्या, "अगं, उठू नको!" ती म्हणाली, "आई, माझी ओटी तुम्ही भरा. तुम्ही भरल्याशिवाय मला बाकीच्यांची नको." फार बोलणारी मुलगी नव्हती ती. टीचर तिच्याकडे गेल्या, तिला पुन्हा बसवलं, नारळ आणि तांदूळ ओटीत घातले आणि तिच्या कपाळावरचं कुंकू सरळ केलं. जाऊबाई खिडकीकडे बघत बसल्या. पण उठून गेल्या नाहीत.

पंगत मांडायची वेळ झाली तेव्हा टीचर मुलाजवळ आल्या. मी शेजारीच उभी होते. "जा, त्यांना बोलावून आण," त्या म्हणाल्या. "तू जा. दुसऱ्या कोणाला पाठवू नको."

त्यानं कुपीला बूच लावलं. मग अत्तराची कुपी माझ्या हातात देऊन गेला.

दहा-पंधरा मिनिटांनी दोघं आले. अण्णांनी पांढरा शर्ट घातला होता, पण नखांत माती तशीच होती. हात मोकळे. दारात ते थांबले. समोर टीचर उभ्या होत्या, दाराकडे पाठ करून, सुनेच्या आईला पान दाखवत. अण्णांना आधी तो अंबाडाच दिसला असणार. ते तिथंच उभे राहिले. मी त्यांच्यासोबत दोन वर्षं एका घरात काढली होती, आणि फुलासमोर गप्प झालेले अण्णा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. देठ नाही, सेंटिमीटर नाही, काही नाही.

जाऊबाईंनी विचारलं, "हे कोण?"

मुलानं तोंड उघडलं. काय सांगणार होता कोण जाणे. शेजारी म्हणाला असता, घरमालक म्हणाला असता. टीचर वळल्या.

"ही फुलं यांनी दिलीत," त्या म्हणाल्या. सगळ्यांना ऐकू जाईल अशा, वर्गातल्या आवाजात.

बाहेर कुठल्या तरी मजल्यावरून पाण्याची टाकी भरून वाहत असल्याचा आवाज येत होता. मग मुलानं पंगतीतलं एक पान ओढून सरळ केलं, त्यावर पाणी शिंपडलं आणि अण्णांना म्हणाला, "बसा."

अण्णा बसले. टीचरनी भाताचं पातेलं उचललं आणि त्यांच्यापासून वाढायला सुरुवात केली.